मदत हवी आहे: कणनिर्मितीच्या सिम्युलेशनमध्ये सरासरी स्थिरच होत नाहीये

गोदाकाठची
नमस्कार. एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट, इथेच नाशिकला. इन्फ्लेशन (विश्वाच्या आरंभीचं झपाट्याचं प्रसरण) चालू असताना फील्डचं वस्तुमान कुठल्याही क्षणी अचानक बदलतं आणि दर धक्क्याला कण तयार होतात, असं मॉडेल आहे. ट्रान्सफर मॅट्रिक्स (एका धक्क्याने फील्डची लहर कशी बदलते ते सांगणारी) एकापुढे एक गुणत जाते, पायथनमध्ये. काहीशे रनची सरासरी कणसंख्या काढली की दरवेळी वेगळंच उत्तर, कधी तर शंभरपट फरक. गुरुवारी सरांना दाखवायचंय. कोड तपासलाय. कुणी सांगेल का, पटकन?

अवकाशवेडा
कुठलं फील्ड? इन्फ्लॅटॉन, म्हणजे इन्फ्लेशन घडवणारं, की त्याच्याशी जोडलेलं दुसरं? विश्वाचं प्रसरण घातलंय का? आणि "तपासलाय" म्हणजे नेमकं काय तपासलंत? लहरीच्या दोन गुणांकांपैकी अल्फाचा वर्ग वजा बीटाचा वर्ग (हीच कणसंख्या) शेवटपर्यंत १ राहतो का?

सातपूरकर
पायथन सोडा, सी++ घ्या. हा सगळा दशांशांचा घोळ. आमच्या कारखान्यात कंपनाचं गणित याच कारणाने फसलं होतं.

गोदाकाठची
दुसरं फील्ड, हे उघडच आहे ना. ती वजाबाकी बरोबर १ येतेय, म्हणून तर म्हटलं कोड ठीक आहे. प्रसरण अजून नाही.

अवकाशवेडा
उघड नव्हतं, असो. वजाबाकी १ येतेय म्हणजे सातपूरकरांची शंका निकालात.

सातपूरकर
सी++ वेगवान असतं एवढं तरी मान्य करा.

सोमेश्वरचा
मुळात महास्फोट झालाच कशावरून? हॉयल आणि नारळीकरांनी सी-क्षेत्रातून कणनिर्मिती कधीच मांडली होती. आपल्या माणसाचं काम सोडून परदेशी मॉडेलं कशाला?

अवकाशवेडा
काका, नारळीकरांबद्दल आदर आहेच, पण सी-क्षेत्र स्थिर-स्थिती विश्वात, म्हणजे सुरुवातच नसलेल्या विश्वात, पदार्थ सतत तयार व्हावा म्हणून आणलेलं. इथला विषय वेगळा. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

जुना मास्तर
लॉग घेतलात का?

गोदाकाठची
कशाचा?

जुना मास्तर
(१ + कणसंख्या) याचा. आता नीट सांगतो. १९५८ साली अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की अशुद्धी विखुरलेल्या पदार्थात इलेक्ट्रॉनची लहर अडकून पडू शकते. तुमचं समीकरण अशा अशुद्ध तारेचंच, फक्त तारेच्या लांबीच्या जागी काळ. अमीन आणि बाउमन या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच साम्य धरून काम केलं. तारेतून पार जाणारा अंश घातांकाने घटतो, म्हणून इथे कणसंख्या घातांकाने वाढते. धक्क्यांचे परिणाम बेरजेत नाही, गुणाकारात जमतात. म्हणून वितरण लॉग-नॉर्मल: लॉग घेतला की घंटेच्या आकाराचं, न घेता लांब शेपटीचं.

सगळे धक्के दुबळे धरले तर हिशोब सोपा. लॉगची सरासरी म्हणजे म्यू (वाढीचा दर) गुणिले काळ; हा गुणाकार १० असेल तर नेहमीच्या रनमध्ये सुमारे २२ हजार कण. पण कणसंख्येची सरासरी (ई चा २० वा घात वजा १) भागिले २, म्हणजे २४ कोटींच्या वर! ही सरासरी काही लाखांत एखाद्या रनमधून येते. काहीशे रनमध्ये ती सापडेल कशी? कॉलेज रोडच्या सोसायटीत एक बिल्डर राहायला आला की सोसायटीची सरासरी मिळकत जशी उडते, तसंच.

गोदाकाठची
म्हणजे माझ्या आकड्यांचा काही उपयोग नाही? कुठला आकडा दाखवू?

जुना मास्तर
लॉगचा हिस्टोग्राम काढा. लॉगची सरासरी काळाबरोबर सरळ रेषेत वाढेल, व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) काळ वाढल्यावर तिच्या दुपटीकडे जाईल.

अवकाशवेडा
मास्तर, पटतंय, पण अर्धवट. विश्व एकच आहे. वस्तुमानाच्या धक्क्यांचा एकच इतिहास घडला, तर हजार रनची सरासरी कुणाला दिसणार? नेहमीचंच मूल्य महत्त्वाचं.

जुना मास्तर
सावकाश. त्याच एका इतिहासातून लाखो वेगवेगळ्या तरंगलांब्या गेल्या.

अवकाशवेडा
पण जवळच्या तरंगलांब्यांना धक्के तेच बसले. त्या स्वतंत्र नाहीत. आणि या कणांनी अवकाशाच्या वक्रतेत चढउतार उठवले तर ते प्लँक उपग्रहाच्या मोजमापांच्या मर्यादेत बसायला हवेत: चढउतारांच्या वर्णपटाची उंची २.१ × १०⁻⁹, तो जवळपास सपाट, आणि गाउसियनपासून (घंटेच्या आकाराच्या वितरणापासून) फारकत आढळलेली नाही. लॉग-नॉर्मल शेपटी इथे सहज मार खाईल.

जुना मास्तर
मार खाईल की नाही ते कणांचा वक्रतेशी दुवा किती घट्ट यावर ठरेल. तो दुवा तिने घातलेलाच नाही.

द्राक्षबागायतदार
प्रोजेक्टची फाइल बांधायची असेल तर शालिमारजवळ स्पायरल बाइंडिंग स्वस्तात होतं.

गोदाकाठची
लॉगचा हिस्टोग्राम आला, रेषा सरळ आहे. आता सर विचारणार, प्रसरण का नाही. ते कुठे घालू, कोडमध्ये फक्त एक ओळ बदलून चालेल का?

अवकाशवेडा
एका ओळीत नाही. प्रसरणाने तरंगलांबी ताणली जाते. तरंगलांबी क्षितिजाच्या (प्रसरणाने ठरणाऱ्या अंतराच्या) आत असताना बसलेला धक्का आणि बाहेर गेल्यावरचा धक्का यांचा परिणाम वेगळा. मॅट्रिक्स दर पायरीला काळानुसार बदलावी लागेल. कोड इथे टाका, गुरुवारपर्यंत बघतो.

सातपूरकर
सी++ मध्ये टाका.