तंजावरची डोलणारी बाहुली मराठ्यांची म्हणे!

कोरडी_भाकरी: नवरात्र आलं की हा फॉरवर्ड येतोच: ‘तंजावरची डोलणारी बाहुली ही सरफोजीराजांची दक्षिणेला देणगी, अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ सोसायटीच्या ग्रुपवर बोललो तर अध्यक्ष रुसतात, म्हणून इथे. बुडाला मातीचा जड गोळा, वर कागदाच्या लगद्याचं हलकं अंग, कलंडली की परत उभी. ही युक्ती चीन-जपानात जुनीच. मान डोलवणाऱ्या चिनी मूर्ती अठराव्या शतकात युरोपात दिवाणखान्यांत होत्या. सरफोजी (तंजावरचे भोसले राजे, राज्य १७९८-१८३२) वाढले श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली, हौस युरोपीय वस्तूंची. कल्पना कुठूनही आली असो, हात तमिळ कारागिरांचे. यात आपण काय केलं?

घाटावरचा: राज्य केलं! शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलाय, १८०३ चा. राजाश्रयाशिवाय कला जगते? आणि सांबारही आपलंच.

कोरडी_भाकरी: आलं सांबार! तीच गोष्ट: तंजावरच्या मुदपाकखान्यात कोकम संपलं, आमटीत चिंच घातली, संभाजीराजे जेवायला होते, म्हणून नाव सांबार. त्या काळातला एक कागद दाखवा.

घाटावरचा: तुमच्या आजीने आमटी कागद करून ठेवली होती का?

चिंचगूळ: कोकम-चिंच वाद घालणाऱ्यांनी आधी सांगावं, हल्ली हॉटेलातल्या सांबारात साखर कोण ओततं? पुण्यात तर खीरच मिळते.

घाटावरचा: पुण्याला मध्ये आणू नका.

कावेरीकाठ: भांडा खुशाल, पण हे ‘आपण’ म्हणजे कोण? माझं माहेर तंजावरचं. घरात मराठीच, तुम्ही हसाल अशी. आजी कोलूच्या, म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या, पायऱ्यांवर चेट्टियार (तमिळ व्यापारी) नवरा-बायकोच्या बाहुल्या मांडायची, बाजूला ही नाचरी, आणि मरपाची या लाकडी बाहुल्यांच्या जोडीला दरवर्षी नवं लुगडं. बाहुली कुणाची, असं तिला कुणी विचारलंच नाही. तिकडे आम्ही मराठे, पुण्यात सासरी मी ‘मद्रासी’. बाहुली हवी, माणसं नकोत?

घाटावरचा: ताई, तुम्हाला कोण नको म्हणालं? तुम्ही आमच्याच.

कावेरीकाठ: परत ‘आमच्याच’! माझ्या बोलीत अर्धी तमिळ आहे, तीही तुमचीच का?

कोरडी_भाकरी: ताई, मुद्दा तुमचा बरोबर. पण मग मराठ्यांचा वाटा शून्य म्हणणं मलाही जड जाईल.

कावेरीकाठ: शून्य कोण म्हणालं? चाळणीने वेगळं काढायला जाऊ नका, एवढंच. आणि आता तीच बाहुली प्लास्टिकची मिळते, त्यावर कुणी धागा काढत नाही.

घाटावरचा: बरं, बाहुली तंजावरची. थोर आहात सगळे. सांबार मी सोडणार नाही.

चिंचगूळ: साखर घालून घ्या.