जुन्या चेअरलिफ्ट आणि टो: कोणत्या बदलाव्यात, कोणत्या काढाव्यात? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उतारमोजणी
स्की एरियातल्या लिफ्टची चर्चा निघाली की गाडी वयावर येऊन थांबते. "सत्तरच्या दशकातली आहे, काढा." पण नेमके निकष काय? समजा एका डोंगरावर चार लिफ्ट आहेत.

मुख्य लिफ्ट दोनआसनी, फिक्स्ड ग्रिप, म्हणजे खुर्चीचा चिमटा (ग्रिप) दोराला कायम आवळलेला. लांबी १५०० मीटर, वेग सेकंदाला २.३ मीटर, दर ६ सेकंदांनी एक खुर्ची, म्हणजे ताशी १२०० माणसं. गर्दीच्या दिवशी २० मिनिटांची रांग. तिला जवळजवळ समांतर, त्याच कंपनीची तीनआसनी, पण निम्म्याच उंचीपर्यंत जाणारी. वरच्या उघड्या कड्यावर टी-बार (दोघांना जमिनीवरूनच वर ओढणारा उलट्या टी आकाराचा दांडा). खाली नवशिक्यांसाठी रोप टो (हाताने धरून वर जायची फिरती दोरी).

पैसे एकाच मोठ्या कामाला पुरतील. कशाला हात लावाल आणि काय काढून टाकाल? मुख्य लिफ्टच्या जागी डिटॅचेबल क्वाड (चारआसनी, जिची ग्रिप स्टेशनमध्ये दोरावरून सुटते आणि खुर्ची हळू होते), एवढंच उत्तर असेल तर कारणासकट सांगा.

ओढदोर
आधी आकडेमोड करू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

खाली यायला ५ मिनिटं धरा. वर जायला ११, रांगेत २०, म्हणजे एक फेरी ३६ मिनिटांची. मिनिटाला २० माणसं चढतात, तेव्हा या लिफ्टभोवती ७२० जण फिरताहेत. आता हेच ७२० जण डिटॅचेबल क्वाडवर घ्या. वेग ५ मीटर, अंतर तेच ६ सेकंद, ताशी २४००. मिनिटाला ४० चढतात, फेरी १८ मिनिटांची. त्यातून वर जायची ५ आणि खाली यायची ५ वजा केली की रांग उरते ८ मिनिटांची.

तिसरा पर्याय: फिक्स्ड ग्रिप क्वाड, बसायच्या जागी लोडिंग कार्पेट (माणसाला खुर्चीच्या दिशेने पुढे नेणारा सरकता पट्टा), वेग २.५, दर ७.२ सेकंदांनी खुर्ची, ताशी २०००. फेरी २१.६ मिनिटांची, वर जायला १०, रांग साडेसहा मिनिटांची. म्हणजे क्षमता कमी असूनही रांग छोटी! कारण साधं आहे: जी माणसं खुर्चीत बसलेली असतात ती रांगेत नसतात. लिफ्ट वेगवान केली की तीच माणसं लवकर खाली येऊन पुन्हा रांगेत उभी.

हे तिकिटं तेवढीच विकली गेली तर. नव्या लिफ्टच्या जाहिरातीने गर्दी वाढते ती वेगळीच.

आता उतार बघा. आज कुठल्याही क्षणी त्या उतारावर १०० जण असतात. फिक्स्ड क्वाडने १६७ होतील, डिटॅचेबलने २००. ट्रेल अरुंद असेल तर दुपारी बारापर्यंत बर्फ खरवडून खालचा कडक थर उघडा पडतो. अमेरिकेतल्या पार्क सिटीत २०२२ साली आठआसनी आणि सहाआसनी लिफ्टचा बेत अडला तो याच प्रकारच्या प्रश्नावर: डोंगराची सोयीस्कर क्षमता (किती जण आरामात मावतात) आणि पार्किंग. यंत्रं तयार होती, ती शेवटी कॅनडातल्या व्हिस्लर ब्लॅककॉम्बला बसली.

शीव्हवाला
आकडेमोड मान्य, पण त्यातून निघणारा "फिक्स्डच बरी" हा सूर पुरता मान्य नाही. देखभालीच्या बाजूने पाहा.

आजच्या दोनआसनीवर ६ सेकंद गुणिले २.३, म्हणजे १३.८ मीटरवर एक खुर्ची. ३००० मीटर दोरावर २१७ खुर्च्या, म्हणजे २१७ ग्रिप. फिक्स्ड ग्रिप एकाच जागी राहिली की तिच्या तोंडाशी दोर शीव्हवरून (टॉवरवरच्या, दोर पेलणाऱ्या चाकांवरून) जाताना दर वेळी वाकतो आणि तिथल्या तारा थकून तुटायला लागतात. म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक ग्रिप सैल करून दोरावर थोडी पुढे सरकवावी लागते, नेहमी एकाच दिशेने. दाबाखालची जागा उघडी पडते तेव्हा ती पुसून तुटक्या तारा मोजायच्या, मग ग्रिप नेमून दिलेल्या टॉर्कने आवळायची आणि जॅकने ओढून घसरत नाही ना ते बघायचं. डिटॅचेबलवर ३० मीटरला एक, म्हणजे लाइनवर १०० आणि स्टेशनमध्ये थोड्या. ग्रिप काढून गरम वर्कशॉपमध्ये उघडता येते. वादळाच्या रात्री खुर्च्या आत ठेवता येतात, सकाळी टॉवरवर चढून बर्फ झोडपत बसावं लागत नाही.

फुकट काही नाही अर्थात. स्टेशनमधले टायर, पट्टे, ग्रिपची पकड मोजणारे सेन्सर, खुर्च्यांमधलं अंतर राखणारी यंत्रणा हे रोजचं काम आहे. शिकलेले मेकॅनिक नसतील तर डिटॅचेबल घेऊ नये. शाळेच्या सुटीत ती बंद पडली की खालची रांग बघवत नाही.

आणि वयाबद्दल: वय नव्हे, सुटे भाग. रिब्लेट ही लिफ्ट बनवणारी कंपनी २००३ साली बंद पडली. तिची क्लिप (खुर्ची दोराला जोडणारा भाग) दोराच्या पेडांमध्ये घुसवलेली असते, नुसती सैल करून सरकवता येत नाही. पेड उघडून पुन्हा बसवावी लागते. ते काम येणारी माणसं मिळेनाशी झाली की लिफ्ट बदलायची वेळ आली समजा. याउलट गिअरबॉक्स ओव्हरहॉल करता येतो, रिले पॅनेल काढून पीएलसी (नियंत्रणाचा संगणक) बसवता येतो. तेवढ्यासाठी अख्खी लिफ्ट मोडायची गरज नाही.

कंपनीच्या नावावरूनही घाईने निकाल देऊ नका. यान या कंपनीच्या डिटॅचेबल ग्रिप २३ डिसेंबर १९९५ ला व्हिस्लरच्या क्विकसिल्व्हर लिफ्टवर घसरल्या, खुर्च्या एकमेकींवर आदळल्या, दोघे गेले. त्यानंतर त्या डिटॅचेबल लिफ्ट बदलल्या तरी गेल्या किंवा त्यांच्या ग्रिप नव्या बसल्या. त्याच कंपनीच्या फिक्स्ड ग्रिप मात्र पुढेही वर्षानुवर्षं चालल्या, कारण दोष त्या विशिष्ट ग्रिपमध्ये होता.

कडेकपारी
टी-बारला कुणी हात लावायच्या आत लिहितो. उघड्या कड्यावरची टी-बार काढून चेअरलिफ्ट लावणं हा हमखास पश्चात्तापाचा निर्णय. वारा सुटला की चेअर बंद, टी-बार चालू, कारण माणूस जमिनीवर असतो. बंद पडली तरी बार सोडायचा आणि स्की करत खाली यायचं. दोराने एकेकाला उतरवायची भानगड नाही.

तिचे त्रास खरे आहेत. ट्रॅक रोज ग्रूमर गाडीने सपाट करावा लागतो, आडवा कल राहिला की जोडीतला एक दुसऱ्यावर कलंडतो. स्नोबोर्डवाल्यांना नकोशी. ट्रॅक ओलांडता येत नाही म्हणून उताराचे दोन तुकडे होतात. आणि बार वर ओढून घेणारी स्प्रिंगची पेटी ढिली पडली की सोडलेला बार नीट वर न जाता झोकांड्या खातो आणि वरच्या दोराला गुंडाळतो. तो तसाच पुढच्या टॉवरच्या शीव्हपर्यंत गेला की दिवस संपला. यावर उपाय पेट्या बदलणं, लिफ्ट बदलणं नव्हे.

रोप टो मात्र नवशिक्यांसाठी काढाच. हाताची पकड पाच फेऱ्यांत संपते, मुलं मध्येच बसकण मारतात. तिथे कार्पेट (उभं राहून वर जायचा सरकता पट्टा) हवं. पण ती दोरी फेकू नका, टेरेन पार्कच्या (उड्या आणि कसरतींच्या जागेच्या) बाजूला लावा. मिनेसोटात पार्कवाले वेगवान रोप टोवरच तासाला ढीगभर फेऱ्या मारतात. न्यूझीलंडच्या क्रेगीबर्नसारख्या क्लब फील्डवर (क्लबने चालवलेल्या स्की एरियात) तर अख्खा डोंगर नटक्रॅकर टोवर चालतो: कमरेला पट्टा, त्याला बिजागरीचा चिमटा, तो दोरावर दाबायचा. हातमोज्यांवर जाड आवरण नसेल तर मोजे दिवसभर टिकत नाहीत, पण वरची गर्दी आपोआप मर्यादित राहते.

उतारमोजणी
मग समांतर तीनआसनी? आणि जुनी लिफ्ट तशीच ठेवून नवी केल्याचं उदाहरण आहे का?

ओढदोर
अमेरिकेतलं मॅड रिव्हर ग्लेन. १९४८ ची एकआसनी लिफ्ट २००७ साली जवळजवळ नव्याने उभारली, आणि एकआसनीच ठेवली. टॉवर उतरवून, घासून, रंगवून नव्या काँक्रीटवर परत उभे केले. मालकी सभासदांच्या सहकारी संस्थेची, त्यांना उतारावर गर्दी नको होती.

उलट उदाहरण अमेरिकेतल्याच शुगरलोफचं. स्पिलवे ईस्ट ही १९७५ ची दोनआसनी. २८ डिसेंबर २०१० ला वाऱ्यात दोर शीव्हवरून उतरला, खुर्च्या खाली पडल्या, लोक जखमी झाले. पुढच्याच वर्षी तिथे स्कायलाइन आली, तीही फिक्स्ड ग्रिप क्वाड. जिथे वारा हाच शत्रू, तिथे आधी शीव्हचं अलाइनमेंट, दोर सुटल्यावर लिफ्ट थांबवणारे स्विच आणि दोर झेलणारे कॅचर बघायचे, वेगाचं नंतर.

शीव्हवाला
तीनआसनी काढा, पण मुख्य लिफ्ट बदलून एक हंगाम सुरळीत गेल्यावर. नवी लिफ्ट पहिल्या हिवाळ्यात हमखास कुरकुरते, शिवाय नवा दोर ताणला जाऊन लांबतो, मग तुकडा कापून टोकं पुन्हा एकमेकांत गुंफून जोडावी (स्प्लाइस) लागतात. तो दिवस तीनआसनीवर निघतो.

मुख्य लिफ्ट बदलायची नसेल तर उलटं करा: तीनआसनी लगेच उतरवा आणि तिचा गिअरबॉक्स, मोटर, शीव्ह मुख्य लिफ्टसाठी जपून ठेवा. कंपनी एकच असली तरी शाफ्टची मापं आणि गुणोत्तर आधी जुळवून बघा, मॉडेलगणिक फरक असतो. ग्रिप मात्र चुंबकीय तपासणीत तडा नाही असं दिसल्याशिवाय दुसऱ्या लिफ्टवर चढवू नका.