‘टेस्ट कनेक्शन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आमच्या अ‍ॅपच्या सेटिंगमधे एलडॅप सर्व्हरची (ज्यावर युजरची खाती ठेवलेली असतात) माहिती भरली की खाली ‘टेस्ट कनेक्शन’ बटण येतं. मराठी स्क्रीनवर ‘जोडणी तपासा’ लिहिलंय, पण टेस्टिंगवाले म्हणतात की ते बटण युजरनेम-पासवर्डही तपासतं, मग नुसती जोडणी कशी? ‘पडताळणी’ चालेल का?

प्रतिसाद: जोडणीच ठेवा, सगळ्यांना कळतं. बाइंडचं (म्हणजे एलडॅपमधल्या लॉगिनचं) ‘बंधन’ वगैरे करू नका म्हणजे झालं.

प्रतिसाद: बंधन नको याला सहमत, पण जोडणी हा शब्द इथे फसवतो, आणि इंग्रजी नावंही तेवढीच फसवतात. पीएचपी भाषेतलं एलडॅप_कनेक्ट हे फंक्शन घ्या, ते कनेक्ट करतच नाही, दिलेला पत्ता वापरण्याजोगा आहे का एवढंच बघतं, सर्व्हर बंद असला तरी तक्रार न करता पुढे जातं आणि खरी जोडणी पुढच्या कॉलला होते, बहुतेक वेळा बाइंडला. पायथन-एलडॅप या लायब्ररीतलं इनिशियलाइझ पण तसंच. तेवढ्यावर कोणी लॉगमधे ‘कनेक्ट झालं’ लिहिलं की नंतर वाचणारा भलतीकडेच शोधत बसतो.

बाइंड म्हणजे आपण कोण ते सर्व्हरला सांगणं आणि त्याने ते मान्य करणं, त्याला मराठीत ‘ओळख पटणं’ हे आयतं आहे की. एलडॅपचं ३८९ किंवा ६३६ पोर्ट फायरवॉलने अडवलं असेल तर म्हणा ‘सर्व्हरशी जोडणी झाली नाही’. पण सर्व्हरकडून रिझल्ट कोड ४९ (नाव किंवा पासवर्ड चुकीचा) आला तर जोडणी ठणठणीत आहे, ‘ओळख पटली नाही’ असंच लिहा. सर्व्हर मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर एररच्या मजकुरात अजून तपशील असतो, ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ७७५ म्हणजे खातं लॉक झालंय. हे लॉगमधे जाऊ द्या, अ‍ॅडमिनचा खूप वेळ वाचतो.

आता पडताळणी. ती सर्व्हर करतो, आलेला पासवर्ड त्याच्याकडच्या नोंदीशी ताडून. आपला कोड करतो ती खातरजमा, आणि बाइंड यशस्वी झालं म्हणून ती पुरी होत नाही. नाव भरलं पण पासवर्ड रिकामा पाठवला तर काही सर्व्हर यशस्वी असंच कळवतात आणि आपल्याला अनामिक म्हणून आत घेतात! मग लॉगिनचा कोड नुसतं यश बघत असेल तर कोणीही कोणाच्याही नावाने आत येईल. आरएफसी ४५१३ (एलडॅपच्या नियमांचा एक दस्तऐवज) मधे याचा स्पष्ट इशारा आहे. त्यामुळे रिकामा पासवर्ड कोडमधेच अडवा, आणि टेस्ट बटणामागे बाइंडनंतर ‘हू अ‍ॅम आय’, म्हणजे ‘तू मला कोण समजतोस’, असं सर्व्हरला विचारा (त्याला ते येत असेल तर) किंवा युजर जिथे शोधणार त्याच बेस डीएनवर (डिरेक्टरीत शोध जिथून सुरू होतो ती जागा) एक नोंद वाचून बघा, कारण ओळख पटली तरी तिथे वाचायची परवानगी नसू शकते. एवढं होत असेल तर बटणावर ‘सर्व्हरची खातरजमा करा’ लिहा.

प्रश्नकर्ता: खातरजमा आवडला, तोच घेतो. मग एलडॅपमधल्या ‘अनबाइंड’ला ‘ओळख रद्द करा’ का?

प्रतिसाद: नाही नाही, अनबाइंड हे बाइंडच्या उलट नाहीच, आरएफसी ४५११ मधेच तसं लिहिलंय, नावं पूर्वीपासून चालत आली म्हणून राहिली. अनबाइंड पाठवलं की सेशन संपतं, सर्व्हर त्याला उत्तरही देत नाही. तिथे मात्र खुशाल ‘जोडणी बंद करा’ लिहा.