जुनी १० मीटर एअर रायफल घेतली: रात्रीत हवा उतरते, ग्रुप उभा पसरतो

पिवळी_फीत:
आतापर्यंत क्लबच्या रायफलवर भागवत होते. एका सीनियरने खेळ थांबवला, त्यांची रायफल मी घेतली. १० मीटरची, पीसीपी (म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), ४.५ मिमी, साइड लिव्हरची. बरीच वर्षं पेटीत पडून होती, दिसायला अगदी कोरी.

सिलिंडर २०० बारला भरून लावला, तर सकाळी काटा १५०च्या खाली. ग्रुप (टार्गेटवरचा छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) डावी-उजवीकडे ठीक येतो, पण वरखाली पसरतो. एक दहा, पुढचा थेट नऊच्या खालच्या कडेला. ट्रिगर इतका हलका आहे की बोट टेकवायची भीती वाटते. मॅन्युअल मिळालेलं नाही. स्पर्धा महिन्यावर आली आहे. घरच्या घरी काय करता येईल? बॅरलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये तेल सोडावं का?

उलटा_चष्मा:
ओ-रिंगा (सांध्यांतून हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) गेल्या असणार, पडून राहिल्या की रबर कडक होतं. किट मागवा आणि सगळ्या एकदम बदलून टाका. आणि भरायच्या तोंडात दोन थेंब गन ऑइल सोडा, सील ओली राहतात. स्प्रिंगवाल्या रायफलला आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

रेंजचा_मिस्त्री:
तेलाची बाटली आधी कपाटात ठेवा. २०० बारची हवा आणि खनिज तेल एकत्र आलं की भरताना दाबाने तापून ते पेटू शकतं. स्प्रिंगच्या रायफलमध्येसुद्धा तेल जास्त झालं की धूर आणि फटाका का होतो, ते चष्मेवाल्यांनी पाहिलंच असेल. पीसीपीच्या ओ-रिंगेला शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला चकाकी येण्यापुरतं. बाकी काही नको.

फीतताई, आता क्रमाने. हात लावण्याआधी लिव्हर उघडून चेंबर रिकामा असल्याची डोळ्यांनी खात्री करा आणि सेफ्टी फ्लॅग (बॅरल मोकळी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) बॅरलमधून आरपार घाला. नवीन माणसाच्या हातात आलेल्या जुन्या रायफलमध्ये छर्रा अडकलेला असणं ही काही नवलाई नाही.

मग सिलिंडरवरची तारीख वाचा. महिना-वर्ष कोरलेलं असतं, आणि अशा सिलिंडरांना उत्पादक साधारण १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपली असेल तर भरायचा नाही, विषय तिथेच संपला. "छान चकचकीत आहे" हे कारण चालत नाही, धातूचा थकवा बाहेरून दिसत नाही. स्पर्धेतही मुदतीची जबाबदारी नेमबाजाचीच असते.

तारीख ठीक असेल तर गळती शोधा. सगळ्या रिंगा एकदम बदलल्या की नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि मधल्या मध्ये एखादी चांगली बसलेली रिंग खराब होते. सिलिंडर भरा, गार होऊ द्या (घाईने भरला की तापतो आणि गार झाल्यावर काटा दहा-पंधरा बार आपोआप उतरतो, ती गळती नव्हे), मग रायफलला न लावता रात्रभर तसाच ठेवा. काटा उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. तो घरी खोलायचा नाही. स्थिर राहिला तर दोष रायफलच्या बाजूला.

रायफलच्या बाजूला असेल तर: सिलिंडर लावा, छर्रा न घालता सुरक्षित दिशेने एकदा ट्रिगर सोडा, लिव्हर बंदच ठेवा आणि बॅरलच्या तोंडावर फुगा ताणून बसवा. फुगा भरायला लागला तर मुख्य व्हॉल्व्ह गळतोय. नाही भरला तर सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावून बुडबुडे बघा. बॅरलच्या तोंडाशी कान लावून ऐकणारे महाभाग मी पाहिले आहेत, कृपया त्यांत भर घालू नका.

ग्रुप उभा पसरतोय हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत, निम्मं निदान तिथेच होतं. हवेचा विरोध बाजूला ठेवून हिशेब करा. छर्रा सेकंदाला १७५ मीटरने सुटला तर १० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १६ मिमी खाली येतो. १६५ने सुटला तर १८ मिमी. टार्गेटवर एका गुणाचं अंतर २.५ मिमी आणि दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिमी. म्हणजे वेगातला १० मीटरचा फरक जवळपास एक गुण खातो, आणि तुम्ही बिचाऱ्या स्वतःच्या श्वासाला दोष देत बसता. ग्रुप आडवा पसरला असता तर मी स्टॉकचे स्क्रू, डायऑप्टरचा (बारीक भोकाच्या मागच्या साइटचा) पाया आणि रायफल कलते का ते आधी पाहायला सांगितलं असतं. उभ्या पसरण्यात पहिला संशय हवेवर. कोणाकडे क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर वेग मोजा.

पिवळी_फीत:
खूप आभार काका! मुदतीला अजून दोन वर्षं आहेत. सुटा सिलिंडर रात्रभर जागचा हलला नाही. फुगा भरला नाही, पण सांध्यावर बुडबुडे आले. ओ-रिंग एका बाजूने चपटी झाली होती. त्याच मापाची नवी घातली, आता हवा टिकते.

पण ग्रुप सुधारला नाही. क्लबच्या क्रोनोग्राफवर पहिला शॉट १७९, नंतर १७३, १६६, १७१, १६५ असे आकडे आले. सिलिंडर तेव्हा १६०च्या आसपास होता.

रेंजचा_मिस्त्री:
जुनी रिंग काढताना खाचेला सुईचा ओरखडा गेला नसावा अशी आशा करतो. लाकडी काडीच बरी.

आकडे स्पष्ट बोलतायत. सिलिंडर शेवटाला आला की दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली जातो आणि छर्रे खाली पडत जातात, पण १६०ला तो प्रश्नच येत नाही. रेग्युलेटरचं काम सिलिंडरचा बदलता दाब कमी करून प्रत्येक शॉटला सारखाच देणं. तो नीट बंद होत नसेल तर रायफल काही वेळ न चालवता ठेवली की त्याच्या पुढच्या बाजूचा दाब हळूहळू चढतो, म्हणून पहिला शॉट वेगवान येतो. तेवढंच असतं तर दोन-तीन शॉट हवेत घालवून काम भागलं असतं. पण नंतरचे आकडेही नाचतायत, म्हणजे रेग्युलेटरच्या आतली सील किंवा सीट (सील जिथे टेकते ती जागा) गेली आहे, किंवा कचरा अडकला आहे. खात्रीसाठी एकच: आधी दुसऱ्या डब्यातले छर्रे घालून वेग मोजा. तोच घोळ राहिला तर सर्व्हिस. रेग्युलेटर घरी उघडू नका, तो जुळवायला दाबाचा गेज लागतो.

महिन्याभरात परत येईलच असं धरून चालू नका. ही स्पर्धा क्लबच्या रायफलवर मारा. चिडाल माझ्यावर, पण शेवटच्या आठवड्यात हाती आलेल्या रायफलपेक्षा ओळखीची रायफल जास्त गुण देते.

डावरी:
मिस्त्रींशी सहमत. पाठवायच्या आधी बट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस (गालाचा टेकू), हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) सगळ्यांच्या खुणांचे फोटो काढून ठेवा. परत आल्यावर मात्र त्या खुणांवर विसंबू नका, त्या सीनियरच्या शरीराच्या आहेत. चीकपीस इतका हवा की गाल टेकवला की मान न ताणता डायऑप्टरमधून पुढच्या साइटचं रिंगण मध्यभागी दिसावं. आधी बटची लांबी, मग चीकपीस, साइट सगळ्यात शेवटी. वजनं जोडलेली असतील तर एकदा तोलून घ्या, मर्यादा ५.५ किलोची आहे.

पिवळी_फीत:
दुसऱ्या छर्ऱ्यांनीही आकडे तसेच नाचले. पाठवते आहे. ट्रिगरचं काय करू? तिथेच वाढवून द्यायला सांगू?

रेंजचा_मिस्त्री:
सांगा. रायफलच्या ट्रिगरला आयएसएसएफने (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने) किमान वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा किमान जोर, ठेवलेलं नाही (एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम आहे), त्यामुळे जुने खेळाडू तो फुंकरीने सुटेल इतका हलका करून ठेवतात. तुम्हाला ट्रिगरचा पहिला, सैल टप्पा संपल्याची जाणीव बोटाला स्पष्ट झाली पाहिजे. परत आली की छर्रा न घालता कॉक करा, बटला तळहाताने खालून चांगला ठोका द्या. आपोआप सुटली तर स्वीकारू नका.

पिवळी_फीत:
चालेल. पाठवताना सिलिंडर वेगळाच ठेवते.

रेंजचा_मिस्त्री:
वेगळाच, आणि कुरिअरला देणार असाल तर रिकामा करून. रेग्युलेटर त्यांच्या सिलिंडरवर तपासतील.