कथेत तुळस आली की ती प्रतीकच असते का? लेखक सरळ का सांगत नाहीत?

राजारामपुरी_वाचक
नमस्कार मंडळी. आम्ही काही मैत्रिणी अधूनमधून एकत्र बसून एखादी मराठी कथा वाचतो, चहा होतो, गप्पा होतात. मागच्या वेळी एका कथेवरून जोरात वाद झाला. कथा साधी आहे, जुनं घर विकायला काढलंय, मुलगा सुनेची बांधाबांध चाललीय आणि म्हातारी रोजच्यासारखी अंगणातल्या तुळशीला पाणी घालतेय, बस्स. एक जण म्हणाली तुळस म्हणजे गेलेला नवरा, दुसरी म्हणाली संस्कृती, तिसरी म्हणाली अगं तुळस म्हणजे तुळस, उगाच काय खणत बसताय. माझी मुलगी बारावीला आहे, तिच्या गाईडमध्ये तर सरळ यादीच दिलीय, पाऊस म्हणजे दुःख, दिवा म्हणजे आशा, वाट म्हणजे आयुष्य. मला हे पटत नाही पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. आणि मूळ प्रश्न असा की लेखकाला आयुष्याबद्दल काही म्हणायचंच असेल तर तो सरळ का म्हणत नाही?

गडहिंग्लज_मास्तर
ताई, प्रश्न छान आहे. सरळ सांगणाऱ्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत की. नारदीय कीर्तन आठवा, पूर्वरंगात बुवा आधी तत्त्व सांगतात, अभंग घेऊन त्याची फोड करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात, म्हणजे अर्थ आधी आणि गोष्ट त्याच्या पुराव्याला. श्रावणातल्या कहाण्या घ्या, त्यात तर ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ असं तोंडावरच बजावलेलं असतं. पण त्याच कहाणीची सुरुवात बघा, ‘आटपाट नगर होतं’. गावाला नाव नाही. त्यामुळं ऐकणारीला ते आपलंच गाव वाटतं, ती राणी आपल्याच घरातली वाटते. उपदेश उघड असला तरी ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती अशा सांगण्याच्या रीतीमुळं असं माझं मत आहे, नुसता उपदेश कोण लक्षात ठेवतंय.

आधुनिक कथेनं काय केलं तर पूर्वरंग काढून टाकला, आख्यान तेवढं ठेवलं आणि तत्त्व काढायचं काम आपल्यावर सोपवलं. म्हणून तुमच्याकडे वाद झाला, आणि व्हायलाच पाहिजे.

पंचगंगा_घाट
मास्तर तुमचं मान्य, पण मला हे प्रतीक-बितीक प्रकरण लई झालंय असं वाटतं. आमच्या घरात वडीलधारी मंडळी सांगतात, शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं लेखक कथाकथनाला यायचे तेव्हा माणसं पोट धरून हसायची आणि घरी जाताना गप्प व्हायची. तिथं कुणाच्या हातात गाईड होतं? कुणी प्रतीक शोधत होतं? ज्याला कळायचं त्याला कळत होतं. शाळा-कॉलेजात गोष्टीचं पोस्टमॉर्टेम करतात आणि पोरं वाचायचीच सोडतात. तिसऱ्या मैत्रिणीचं बरोबर आहे, तुळस म्हणजे तुळस.

लिहिता_कागलकर
भावा तुझा राग कळतो, यादीवरचा राग तर मलाही आहे. पण माणसं हसून नंतर गप्प का व्हायची ह्याचा पण विचार कर की. बोली कुठली वापरायची, कुठं थांबायचं, पात्राला किती बोलू द्यायचं आणि कुठं अर्ध्यात तोडायचं, हे सगळं तंत्रच आहे, फक्त ते दिसत नाही.

मी स्वतः थोडंफार लिहितो म्हणून सांगतो, प्रतीकापेक्षा मला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो तो म्हणजे गोष्ट कुणाच्या तोंडून सांगायची. आमच्या कागलच्या आनंद यादवांची १९७१ सालची ‘गोतावळा’ घ्या, शेतावरच्या गड्याच्या तोंडची, त्याच्याच बोलीत. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात. हीच गोष्ट मालकाच्या तोंडून आली असती तर ती प्रगतीची गोष्ट झाली असती, डिझेलचा खर्च आणि एकरी उत्पन्न. गडी सांगतो म्हणून ती नात्यांची ताटातूट होते, कारण जनावरं हाच त्याचा गोतावळा आहे. घटना त्याच, सांगणारा बदलला की आयुष्याबद्दलचं म्हणणंच बदललं. खांडेकरांची १९५९ ची ‘ययाति’ पण तशीच, महाभारतात ही कथा वैशंपायन जनमेजयाला सांगतो, तो बाहेरचा माणूस. खांडेकरांनी ययाति, देवयानी, शर्मिष्ठा ह्यांना आपापलं बोलू दिलं, त्यामुळं प्रत्येक जण स्वतःला कसं समजावतो ते आपल्याला दिसतं आणि भोगाचा निवाडा करायची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

आता आपल्या इथलं उदाहरण, हे मी मनानं रचतोय. समजा एक बाई पावसाळ्यात रात्री चपात्या लाटतेय आणि मुलगा मोबाईल बघून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फुटांत सांगतोय, एकोणचाळीस झाली. ती म्हणते ताट घे. थोड्या वेळानं एक्केचाळीस. ती म्हणते भाजी वाढू का अजून. मग त्रेचाळीस. ती गॅस बंद करते आणि देवघरातले टाक पदरात घेते. भीती हा शब्द कुठंच नाही. पण ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ आहे, आणि २०१९ च्या महापुराचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना तर पुढचं सांगायलाच नको. ‘ती फार घाबरली होती’ असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला एक माहिती मिळाली असती, असं लिहिल्यावर तो तिच्याबरोबर आकडे मोजायला लागतो. माझ्या मते सरळ न सांगण्याचं कारण हेच, जी गोष्ट माणूस स्वतः जुळवतो तीच त्याला पटते.

राजारामपुरी_वाचक
अंगावर काटा आला वाचून, आमच्या नात्यातल्यांचं घर त्या वर्षी पाण्यात होतं. पण मग तुळशीचं काय? ती कशाचं प्रतीक हे ठरवायचं कसं?

लिहिता_कागलकर
ताई, ‘कशाचं’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि तुळस बदलून बघा. तिच्या जागी मनीप्लांट ठेवा. कथा पडते ना? का पडते ते शोधा. मनीप्लांट उचलून फ्लॅटच्या गॅलरीत नेता येतो. तुळशीचं रोपही नेता येईल, पण वृंदावन दगड-मातीत बांधलेलं असतंय, ते नाही उचलता येत. म्हातारी रोज ज्याच्याभोवती फिरली ते इथंच राहणार आहे. शिवाय तुळशीला रोजच्या रोज पाणी लागतं, म्हणजे उद्या सकाळी पाणी कोण घालणार हा प्रश्न लेखकानं विचारला नाही तरी उभा राहतो. तुळस म्हणजे नवरा असं लिहून ठेवलं की हे सगळं बंद होतं. ती आधी खरीखुरी तुळस पाहिजे, ओली माती, मंजिऱ्या, पणतीचा काजळलेला कोनाडा, मगच ती अजून काही होऊ शकते. ह्या अर्थानं तुमची तिसरी मैत्रीण अर्ध्यापेक्षा जास्त बरोबर आहे.

गडहिंग्लज_मास्तर
अगदी. आणि मी वर्गात एक करायचो, कथेतलं एखादं वाक्य गाळून वाचायचं आणि काय हललं ते मुलांना विचारायचं. यादी पाठ केलेल्या मुलापेक्षा कधीच न बोलणारं मूल नेमकं उत्तर द्यायचं. ताई, तुमच्या लेकीला गाईड मिटून एवढंच करायला सांगा, परीक्षेतही ‘पाऊस म्हणजे दुःख’ पेक्षा ‘पाऊस आल्यामुळं पात्राला घरी थांबावं लागलं आणि म्हणून ते बोलणं झालं’ हे उत्तर जास्त वजनाचं आहे. कधी कधी तर कडक दुष्काळात पाऊस येतो आणि तिथं तो आनंदच असतो, तिथं यादीवाल्यानं काय करायचं?

पंचगंगा_घाट
वृंदावन उचलता येत नाही हे बेस्ट, हे मला पटलं. असं सांगत असाल तर माझी काहीच हरकत नाही, कारण ह्यात गोष्ट मरत नाही, उलट परत वाचावी वाटते. फक्त एक विचारतो ताई, ती कथा सांगतंय कोण? म्हातारी स्वतः, का सून? कारण सून सांगत असेल आणि तिला फक्त अंगणात चिखल झालेला दिसत असेल, तर मग ती कथा म्हातारीची राहत नाही, सुनेचीच होते की.

राजारामपुरी_वाचक
सूनच सांगतेय! आणि आमच्यातल्या कुणीच तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. पुढच्या बैठकीला तीच कथा परत घेतोय.