रामश्टाइनचं 'डॉइचलांड': ३५ सेकंदांच्या झलकेनं अख्खं गाणं डागाळतं का?

उत्तररात्र (धागाकर्ता)

बर्लिनच्या रामश्टाइन या बँडचं 'डॉइचलांड' (म्हणजे जर्मनी) हे गाणं २८ मार्च २०१९ ला आलं. इंडस्ट्रियल रॉक (यंत्रांसारखा कडक, ठोकळ आवाज असलेलं रॉक) ऐकणाऱ्यांना त्या वेळचा गदारोळ आठवत असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाण्याच्या दोन दिवस आधी बँडनं ३५ सेकंदांची एक झलक टाकली होती. गळ्यात फास अडकवून रांगेत उभे केलेले कैदी, अंगावर नाझी छळछावणीतले पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, एकाच्या छातीवर ज्यूंना लावायला भाग पाडलेला पिवळा तारा. कैदी म्हणजे बँडचेच लोक. मग पडदा काळा, त्यावर देशाचं नाव आणि रोमन आकड्यांत तारीख. संपलं.

जर्मनीत आग लागली. ज्यू समाजाच्या ज्येष्ठ नेत्या शार्लोट क्नोब्लोख म्हणाल्या की बँडनं मर्यादा ओलांडली. ज्यूविरोधाशी लढण्यासाठी नेमलेले सरकारी आयुक्त फेलिक्स क्लाइन यांनीही, हे नुसतं विक्रीसाठी असेल तर कलास्वातंत्र्याचा तो किळसवाणा गैरवापर आहे, अशी भूमिका घेतली. आणि मग नऊ मिनिटांहून मोठा व्हिडिओ आला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या देशात जन्मलो त्या देशावर प्रेम करताच येत नाही आणि त्याला सोडूनही जाता येत नाही, या अवस्थेवर रॉक संगीतात यापेक्षा प्रामाणिक गाणं मी ऐकलेलं नाही. शब्द बघा. काळीज पेटलंय, तुझ्यावर प्रेमही करायचंय आणि तुला शापही द्यायचाय. तुझा श्वास गार आहे. तू इतकी तरुण आणि तरी इतकी म्हातारी. आणि शेवटी, माझं प्रेम मी तुला देऊ शकत नाही. 'डॉइचलांडलीड' (जर्मनीचं गीत) हे काव्य १८४१ चं, आज त्याचं फक्त तिसरं कडवं राष्ट्रगीत म्हणून गातात, पहिलं नाझी काळामुळे बाजूला पडलं. त्या बाजूला पडलेल्या कडव्याची पहिली ओळ गायक टिल लिंडेमान किंचित मोडून म्हणतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

दिग्दर्शक श्पेक्टर बर्लिननं व्हिडिओची सुरुवात इसवी सन १६ मधल्या जंगलात केली आहे, जिथे रोमन सैनिक मशाली घेऊन शिरतात. तिथून मध्ययुगीन मठ, १९२० च्या दशकातली मुष्टियुद्धं, पेटतं झेपेलिन (अवाढव्य हवाई जहाज), छळछावणी, पूर्व जर्मनीतले पुढारी, १९७० च्या दशकातले दहशतवादी, असं सगळं एकमेकांत घुसत राहतं. आणि प्रत्येक काळात एक बाई आहे, गेर्मानिया, म्हणजे देश स्वतः. ती भूमिका रूबी कॉमी या काळ्या जर्मन अभिनेत्रीनं केली आहे. ती कधी चिलखतात, कधी एसएस या नाझी दलाच्या गणवेशात, कधी फुलांनी सजलेली. ती मारतेही आणि तिचेच लचकेही तोडले जातात. वंशशुद्धीची स्वप्नं बघणाऱ्यांना यापेक्षा मोठी चपराक काय असू शकते?

झलक वाईट वाटणं मी समजू शकतो. पण त्यावरून गाण्याला फाशी देणं मला पटत नाही.

निळावंती

ठाम असहमत.

क्नोब्लोख यांचं नाव तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्यांचा जन्म १९३२ चा, म्युनिकचा. लहानपणी फ्रँकोनियातल्या एका शेतकरी कुटुंबानं लपवून ठेवलं म्हणून त्या वाचल्या. अशा बाईला झलक बघून संताप आला तर "पूर्ण व्हिडिओची वाट बघा" हे उत्तर होऊ शकत नाही.

आणि झलक आभाळातून पडली नव्हती. व्हिडिओत झेपेलिन होतं, जंगल होतं, मठ होता, अंतराळसुद्धा होतं. यातलं कुठलंही दृश्य उचलून लोकांना बोलावता आलं असतं. त्यांनी उचललं काय? फास आणि पिवळा तारा. कारण त्यानंच बोंब उठणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाणं जर्मनीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मेलेल्यांच्या अंगावरचे कपडे दाखवून गिऱ्हाईक गोळा करायचं आणि मग आतमध्ये गंभीर माल आहे म्हणून सांगायचं, हा व्यवहार मला मान्य नाही. आतला माल कितीही चांगला असो.

श्टुटगार्टकर

बरीच वर्षं जर्मनीत राहतो. गाण्याच्या बाजूनं एक गोष्ट मांडायची आहे जी चर्चेत सहसा येत नाही.

फाशीच्या दृश्यात मागे काय आहे ते थांबवून बघा. मागे रॉकेट आहे, व्ही-२, नाझींचं क्षेपणास्त्र. म्हणजे ही ढोबळ, कुठलीही छावणी नाही. ही मिटेलबाऊ-डोरा आहे, थुरिंगियात नॉर्डहाउझेन गावाजवळची. मी तिथे गेलो आहे. कोनश्टाइन नावाच्या डोंगराच्या पोटात बोगदे आहेत. बाहेर जूनचं ऊन होतं आणि आत ८ अंश, बारा महिने तेवढंच. आत शिरल्यावर पायाखाली पाणी, अंधारात गंजलेल्या लोखंडाचे ढीग, आणि मार्गदर्शक बाई छताकडे बोट करून सांगत होत्या की काम बिघडवल्याच्या संशयावरून कैद्यांना इथेच, बोगद्यातल्या क्रेनला, फाशी द्यायचे आणि बाकीच्यांना त्याखालून कामावर जायला लावायचे. सुमारे ६०,००० माणसं डोरा आणि तिच्या उपछावण्यांतून गेली, त्यातली २०,००० च्या आसपास मेली. रॉकेट पडून लंडन-अँटवर्पमध्ये जेवढे मेले त्यापेक्षा ते बनवताना जास्त मेले. आणि त्या रॉकेटचा प्रमुख अभियंता वेर्नर फॉन ब्राउन पुढे अमेरिकेत चांद्रमोहिमेचा नायक झाला.

डोरात फ्रेंच, रशियन, पोलिश राजकीय कैदी खूप होते, ज्यू कैदी मोठ्या संख्येनं १९४४ पासून आले. व्हिडिओतल्या कैद्यांच्या छातीवर एकच खूण नाही. पिवळा तारा आहे, समलिंगी कैद्यांना लावायचे तो गुलाबी त्रिकोणही आहे. ज्यांना नुसती खळबळ हवी असते ते एवढा अभ्यास करत नाहीत. इथल्या माझ्या जर्मन सहकाऱ्यांपैकी कित्येकांनी डोराचं नाव या गाण्यानंतर शोधलं.

तालवेडा

शब्द आणि चित्रं यावरच सगळे बोलतायत. गाणं कानानं ऐकतात हो. मी तिथून सुरुवात करतो.

सुरुवातीला सिंथेसायझरची एक धावती ओळ येते, थंड, जवळजवळ नाजूक. मग गिटार आणि ड्रम एकदम कोसळतात, आणि तिथून पुढे छातीत ठोके बसतात. धृपदात देशाचं नाव येतं तेव्हा सगळा बँड त्या एका शब्दाखाली उभा असतो. आता हेच भरल्या मैदानात ऐका. हजारो माणसं मुठी वर करून देशाचं नाव ओरडतात. "माझं प्रेम देऊ शकत नाही" ही ओळ त्यात कोणाच्या लक्षात राहते? शब्द नकार देतात, पण ताल लोकांना रांगेत उभं करतो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी कानावर आदळतं ते वेगळंच.

आणि हे पहिल्यांदा नाही. १९९८ मध्ये याच बँडनं 'स्ट्रिप्ड' या गाण्याच्या व्हिडिओत नाझींसाठी चित्रपट करणाऱ्या लेनी रीफेनश्टालनं चित्रित केलेल्या बर्लिन ऑलिंपिकची दृश्यं वापरली होती. टीका झाली. उत्तर म्हणून २००१ मध्ये 'लिंक्स २-३-४' आलं, आमचं हृदय डाव्या बाजूला धडधडतं असं सांगणारं. चांगलंय. पण ते सांगायलाही लष्करी कवायतीचाच ठेका!

थोडं मागे गेलं तर हा या संगीताचाच जुना रोग आहे. 'इंडस्ट्रियल' हे नाव ज्या लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडमुळे १९७६ मध्ये रूढ झालं, त्यांच्या कंपनीच्या बोधचिन्हावर आउश्वित्झ छळछावणीचं छायाचित्र होतं. कारखाना, यंत्र, छावणी, या गोष्टींचं आकर्षण पहिल्यापासून आहे. विरोधाच्या नावाखाली आकर्षण. मला ड्रिल मशिन आणि पत्रे वाजवणारे बर्लिनचे आइनश्टुर्झेंड नॉयबाउटेन जास्त प्रामाणिक वाटतात. त्यांना गणवेश लागले नाहीत.

भटका

तालवेडा यांच्याशी +१. गाडीत लावलं की स्टिअरिंगवर हात आपटायला होतं, अर्थ नंतर कधीतरी कळतो.

उत्तररात्र

@तालवेडा, मुद्दा वजनदार आहे. पण कवायतीचा ठेका कुठून आला तेही बघा. बँडचे सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले. लिंडेमान तिथल्या सरकारी क्रीडा व्यवस्थेत तयार झालेला जलतरणपटू. कीबोर्डवाला फ्लाके आणि गिटारवाला पाउल लांडर्स 'फीलिंग बी' या पंक बँडमध्ये होते, ज्या देशात पंक म्हणजे गुप्त पोलिसांच्या नजरेतला माणूस. संचलन, झेंडे, घोषणा त्यांनी पुस्तकात वाचलेल्या नाहीत, शाळेपासून भोगलेल्या आहेत. आणि ३ ऑक्टोबर १९९० ला तो देशच नकाशावरून गेला. ज्यांनी एक जर्मनी बुडताना पाहिली आणि दुसरीत पाहुण्यासारखे शिरले, ते देशाचं नाव घेणार तेव्हा त्यात हा ठेका येणारच. तो काढून टाकला तर गाण्यात उरतं काय? एक सभ्य निषेधपत्र.

मैदानात लोक ओरडतात, मान्य. पण गाणाऱ्याला त्याच्या सर्वांत बेसावध श्रोत्यावरून जोखायचं का? आपल्याकडे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये आलं तेव्हा नाना फडणवीसांची बदनामी केली म्हणून केवढं वादळ उठलं. नाटक सत्ता कशी राक्षस पोसते याबद्दल होतं. विरोध करणाऱ्यांनी नाना बघितला, राक्षस बघितला नाही.

सातचा क्लास

पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे हे गाणं माझ्या वर्गात येतंच. मुलं स्वतः घेऊन येतात, उच्चार स्पष्ट आहेत म्हणून.

गेर्मानिया त्यांना लगेच कळते. देश म्हणजे बाई हे चित्र आपल्या डोळ्यांना नवं नाही, भारतमातेच्या तसबिरी सगळ्यांनी पाहिलेल्या. तिच्या अंगातून मठातले भिक्षू अन्न ओरबाडून खातात त्या दृश्याला वर्ग चिडीचूप होतो. पण छावणीच्या दृश्याला होत नाही. तिथे एकानं मला विचारलं, "मॅडम, तो तारा कसला?" आणि दुसरा एसएसच्या गणवेशाबद्दल म्हणाला, "भारी शिवलाय."

पोरगा वाईट नाही. त्यानं ज्यूंचा संहार शाळेत दोन परिच्छेदांत संपवलेला आहे. आपल्याकडे फुटपाथवरच्या पुस्तकांत हिटलरचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व-विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. "शिस्तीसाठी असा माणूस हवा" हे वाक्य मी सुशिक्षित पालकांच्या तोंडून ऐकलंय. जर्मन मूल तारा बघितल्यावर दचकतं कारण त्याला शाळेनं छावणीच्या दारापर्यंत नेलेलं असतं. गाणं त्या दचकण्यावर उभं आहे. आपल्याकडे ते दचकणंच नाही, मग उरतो तो गणवेश. म्हणून "कलाकृती स्वतः बोलते" हे उत्तररात्र यांचं गृहीतक मला आपल्यापुरतं अजिबात मान्य नाही.

निळावंती

सातचा क्लास यांनी माझ्या मनातलं सांगितलं. आता श्टुटगार्टकर यांना उत्तर.

रॉकेट अचूक आहे, खुणा अचूक आहेत, सगळं कबूल. त्यानंच माझी अडचण वाढते. व्हिडिओत डोरा कशाच्या रांगेत बसवली आहे? मुष्टियुद्ध, खादाड भिक्षू, झेपेलिनची आग. झेपेलिन हिंडेनबुर्ग ६ मे १९३७ ला अमेरिकेत जळालं आणि ३६ माणसं मेली. तो अपघात. डोरा ही योजना होती, तिला अंदाजपत्रक होतं, हजेरीपट होते. "आमचा इतिहास आधीपासूनच रक्तानं भरलेला" असं म्हटलं की त्या बारा वर्षांची जबाबदारी दोन हजार वर्षांत वाटून टाकता येते. जर्मनीत असं म्हणू पाहणारे राजकारणी आज आहेतच.

श्टुटगार्टकर

वाटून टाकलेली मला दिसत नाही. बँडचे लोक फासाखालीही आहेत आणि नाझींच्या गणवेशातही. नातवंडांना हेच माहीत नसतं की आजोबा कुठल्या बाजूला होते. "आमच्यातले काही मारणारे होते" असं स्वतःच्या तोंडानं दाखवणं म्हणजे जबाबदारी झटकणं कसं? शिवाय पुढे कैदी बंदूक उचलून नाझींना गोळ्या घालतात. झलकेत ते हतबल होते, गाण्यात नाहीत.

निळावंती

सोबिबोर या नाझी संहारछावणीत ऑक्टोबर १९४३ मध्ये कैद्यांनी खरोखर उठाव केला. तो त्यांनी केला, आणि बहुतेकांनी जीव देऊन. मारणाऱ्यांच्या नातवंडांनी कैद्यांचे कपडे चढवून तो सूड पडद्यावर उगवणं मला सहन होत नाही. आणि तुम्हीच म्हणालात ना, झलकेत ते हतबल होते. बंदूक उचललेला कैदी झलकेत का नव्हता? तो दाखवला असता तर क्नोब्लोखबाईंना बोलायला जागा राहिली नसती, आणि बातम्यांनाही. माझा आक्षेप तिथेच आहे आणि या धाग्यावर त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

उत्तररात्र

कैद्याच्या हातात बंदूक असलेली झलक आली असती तर ती सूडाची जाहिरात झाली असती, आणि बघणारा खुशीत राहिला असता. बांधलेले हात बघून तो अस्वस्थ झाला. मला ती अस्वस्थता खरी वाटते, तुम्हाला ती विकत घेतलेली वाटते. @सातचा क्लास, मग वर्गात हे गाणं लावायचंच नाही का?

सातचा क्लास

लावते. आधी डोराबद्दल एक तास, कैद्यांनी लिहिलेल्या आठवणींतला एक उतारा, छातीवरच्या खुणांचा तक्ता. मग आवाज बंद करून व्हिडिओ. आवाज सगळ्यात शेवटी, आणि झलक कधीच नाही.