डिव्हाइस डिटेक्शनची लायब्ररी ओपन सोर्स करायचीय, फोनचा डेटा आणि लायसन्स यावर सल्ला हवाय

घोडबंदरवाली:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर पूर्ण वाचा. मी ठाण्याला राहते, जॉब महापेला. ऑफिस सांभाळून आम्ही तिघं वाशी मार्केटमधल्या काही कांदा-बटाटा गाळेवाल्यांसाठी एक वेब अ‍ॅप चालवतो, आवक, भाव आणि उधारी, बास. तिथे फोन इतक्या तऱ्हेचे येतात की सुरवातीलाच सर्व्हरवर युझर एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगायला पाठवतो ती ओळ) बघून कोणाला हलकं पान द्यायचं आणि कोणाला मोठं टेबल हे ठरवणारा कोड लिहिला होता, तो वाढत वाढत आता तीनेकशे रेजेक्सवर (मजकुरातले ठरावीक नमुने ओळखणारी सूत्रं) गेलाय आणि आम्हाला वाटतंय की लायब्ररी म्हणून, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रॅममधे जोडता येईल असा वेगळा काढून सगळ्यांसाठी खुला करावा.

पण दोन ठिकाणी अडलोय. मागच्या महिन्यात रिपोर्ट काढला तर सगळ्यात जास्त वापरलेल्या फोनचं मॉडेल आलं "के". नुसतं के. हा कुठला फोन ते शोधण्यात आमचा अर्धा दिवस गेला.

दुसरं म्हणजे एका शेठनी नवीन आयपॅड घेतला. आमच्या कोडने त्याला मॅक समजून कॉम्प्युटरचं पान दिलं, त्यातला मेनू माऊस वर नेला की उघडतो. मी समोरच उभी होते. आयपॅड गोणीवर ठेवलेला, कांद्याची सालं उडून स्क्रीनवर पडतायत, शेठ बोटाने साल बाजूला करतायत आणि परत त्याच जागी दाबतायत, पंख्याखाली घाम पुसतायत पण मेनू काही उघडत नाही. ते एका शब्दाने बोलले नाहीत, वही काढली आणि पेनाने लिहायला लागले. ते बघून फार वाईट वाटलं, तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

तर प्रश्न असा, मॉडेलचा डेटा आणायचा कुठून, लायसन्स कुठलं ठेवायचं, आणि आजच्या घडीला अशी लायब्ररी बनवण्यात अर्थ उरलाय का?

ऐरोली_लोकल:
ताई, "के" हा फोनच नाही. क्रोमने 2023 मधे अँड्रॉइडवरची युझर एजंट स्ट्रिंग कापायला घेतली, आवृत्ती 110 पासून हळूहळू सगळ्यांना "अँड्रॉइड 10, के" एवढंच दिसायला लागलं, फोन कुठलाही असो आणि अँड्रॉइड 14 असो. प्रायव्हसीसाठी केलंय ते. खरं मॉडेल हवं असेल तर क्लायंट हिंट्स (रिक्वेस्टसोबत वेगळ्या हेडरमधे येणारी फोनची माहिती) मागायला लागतात. मोबाइल आहे का नाही आणि प्लॅटफॉर्म कुठला ही दोन हेडर आपोआप येतात, मॉडेलसाठी मात्र सर्व्हरने अ‍ॅक्सेप्ट-सीएच हे हेडर पाठवून सांगायचं, मग पुढच्या रिक्वेस्टपासून मिळतं, आणि हे फक्त एचटीटीपीएसवर. सफारी आणि फायरफॉक्स हे काहीच पाठवत नाहीत, त्यामुळे जुना रस्ता पूर्ण टाकून देता येत नाही.

आयपॅडचं दुखणं 2019 पासूनचं आहे. आयपॅडओएस 13 पासून तिथली सफारी स्वतःला मॅक म्हणून सांगते, स्ट्रिंगमधे काही फरकच नाही, म्हणजे नुसत्या सर्व्हरवरून ते कळणं शक्य नाही. ब्राउझरमधे प्लॅटफॉर्म मॅक आलं आणि मॅक्स टच पॉइंट्स (स्क्रीनला एकावेळी किती बोटं कळतात तो आकडा) एकपेक्षा जास्त आले तर तो आयपॅड, कारण मॅकला टचस्क्रीन नाही. पहिल्या पानावर दोन ओळींची जावास्क्रिप्ट टाका, निकाल कुकीत ठेवा, म्हणजे पुढच्या पानापासून सर्व्हरला कळेल.

आणि विंडोज 10 का 11 हे स्ट्रिंगवरून ओळखायच्या नादाला लागू नका, तिथे दोन्हीकडे 10 च लिहिलेलं असतं.

कळवा_खाडी:
मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका. शेठचा मेनू उघडला नाही यात आयपॅड ओळखता न येणं ही चूक नाहीये, मेनू माऊसवर अवलंबून होता ही चूक आहे. सीएसएसला (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) सरळ विचारा की हॉवर (माऊस नुसता वर नेणं) आहे का, पॉइंटर जाडा (बोट) आहे का बारीक (माऊस), आणि त्यावर मेनू ठरवा. उद्या कोणी टचस्क्रीनवाला लॅपटॉप आणला तर परत तेच होणार. कुठला फोन आहे हे ओळखायचं ते दोनच कामांसाठी, एक म्हणजे रिपोर्ट, आणि दुसरं म्हणजे पहिल्याच फटक्यात हलकं पान पाठवायचं असेल तेव्हा. बाकी सगळं ब्राउझरला काय येतं ते विचारून करा.

घोडबंदरवाली:
@कळवा_खाडी राग कसला, पटलं. मेनू आजच बदलते. पण हलक्या पानाचं आम्हाला खरंच लागतं हो, मार्केटमधे आत गाळ्यात रेंज एक काडी, तिथे मोठं पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

ठाणे_पूर्व_कोपरी:
ज्यासाठी धागा काढलाय त्या डेटा आणि लायसन्सवर मी लिहितो, मी या भानगडीत बरीच वर्षं आहे.

ताई, कोड दोन आठवड्यात लिहून होतो, फोनची यादी मात्र आयुष्यभर सांभाळायला लागते. वुर्फल या फोनच्या माहितीच्या यादीचं उदाहरण बघा, 2000 नंतरच्या काळात वॅपवाल्या (जुनं साधं मोबाइल इंटरनेट) फोनसाठी लोकांनी आपापल्या फोनची माहिती भरून ती यादी मोठी केली, 2011 मधे त्याच्यामागे कंपनी उभी राहिली आणि लायसन्स बदललं. मग काही जणांनी जुन्या डेटावरून ओपनडीडीआर नावाची खुली यादी काढली, त्यावरून कॉपीराइटचा वाद झाला. अपाचे या ओपन सोर्स संस्थेने डिव्हाइसमॅप नावाने प्रयत्न केला, तोही पुढे बंद पडला. म्हणून कोडचं लायसन्स वेगळं आणि डेटाचं वेगळं, दोन्ही पहिल्या दिवशी लिहून ठेवा, आणि दुसऱ्याच्या यादीतली एक ओळही न विचारता उचलू नका.

माझं मत विचाराल तर तीनशे रेजेक्स फेकून द्या. यूएपी-कोर आहे ना, रेजेक्सची एकच यामल (साध्या मजकुराची) फाइल, अपाचे 2.0 हे मोकळं लायसन्स, पायथन, गो, जावा सगळीकडे तीच चालते, सोबत टेस्टच्या फाइली. पीएचपीत असाल तर मातोमोचं डिव्हाइस डिटेक्टर, ते एलजीपीएल, थोड्या जास्त अटींचं लायसन्स. त्यांच्या वर आपला पातळ थर बांधा. मॉडेल नंबरवरून बाजारातलं नाव हवं असेल तर गूगल प्लेची सपोर्टेड डिव्हाइसेसची यादी सीएसव्हीमधे (साध्या टेबलची फाइल) मिळते.

तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे कमी आहे, आपल्याकडचे स्वस्त फोन, जियोफोन, दुकानातले जुने टॅब. ती प्रत्येक स्ट्रिंग टेस्ट म्हणून टाका, त्याचा उपयोग कोडपेक्षा जास्त होईल. पण लॉगमधून काढताना आयपी आणि मोबाइल नंबर आधी पुसा, गाळेवाल्यांनी विश्वासाने दिलेत ते. आणि ओळख पटली नाही तर "माहीत नाही" हेच उत्तर परत द्या, अंदाजाने डेस्कटॉप देऊ नका, तुमच्या शेठचं तेच झालं.

ऐरोली_लोकल:
+1. एज, ओपेरा, सॅमसंग ब्राउझर आधी तपासायचे, मग क्रोम, सगळ्यात शेवटी सफारी, कारण प्रत्येकाच्या स्ट्रिंगमधे पुढच्याचं नाव असतंच. ही क्रमवारी चुकलेली लायब्ररी मी तरी डझनभर पाहिल्यात.

सीवूड्स_सिक्युरिटी:
माझे दोन पैसे. युझर एजंट म्हणजे बाहेरून आलेला मजकूर, कोणीही काहीही पाठवू शकतं. रेजेक्समधे कंसाबाहेर प्लस (म्हणजे "पुन्हा पुन्हा") आणि आतही प्लस असलं की एका वाकड्या स्ट्रिंगवर नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतो तो) अख्खा प्रोसेस लटकतो. लांबी पाचशे अक्षरांवर तोडा, आणि जमलं तर आरई2 हे असं न लटकणारं रेजेक्स इंजिन वापरा.

आणि पॅकेज टाकाल त्या खात्याला टू फॅक्टर लावाच. यूए-पार्सर-जेएस हे याच कामाचं पॅकेज, ऑक्टोबर 2021 मधे त्याच्या लेखकाचं एनपीएमवरचं (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं ऑनलाइन कोठार) खातं कोणीतरी हातात घेतलं आणि 0.7.29, 0.8.0, 1.0.0 अशा तीन आवृत्त्या सोडल्या, त्यात क्रिप्टो मायनर आणि पासवर्ड चोरणारा कोड. काही तासात पकडलं, पण तेवढ्यात किती जणांच्या बिल्डमधे शिरलं असेल विचार करा.

घोडबंदरवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं मग, यूएपी-कोर खाली, वर आमचा थर, न कळलेल्याला "माहीत नाही", आणि टेस्टची फाइल वेगळी. आज ट्रेनमधे बसून क्लायंट हिंट्स चालू केल्या, संध्याकाळपर्यंत "के" च्या जागी खरी मॉडेलं यायला लागली, निम्मे रेडमी निघाले.

एक राहिलं, आमच्याकडचा एकमेव जियोफोन बंद पडलाय. कोणाकडे चालू आहे का? स्ट्रिंग हवी होती.

कळवा_खाडी:
माझ्या मावशीकडे आहे, कोपरखैरण्याला. काइओएस 2.5 (त्या फोनची ऑपरेटिंग सिस्टिम), आत फायरफॉक्स 48. रविवारी जातोय, तुमचं पान उघडून बघतो, स्ट्रिंग आणि स्क्रीनचा फोटो दोन्ही इथे टाकतो.